दंडमुक्ती : कॅथलिक श्रद्धेतील संकल्पना, अटी आणि बेंगळुरूतील परंपरा

बेंगळुरूच्या शिवाजीनगर भागातील सेंट मेरीज बॅसिलिकेत दरवर्षी २९ ऑगस्ट रोजी ध्वजारोहण होते. त्यानंतर नऊ दिवस प्रार्थना चालतात आणि ८ सप्टेंबर रोजी, पवित्र मरियेच्या जन्मदिनी, रथाच्या मिरवणुकीने उत्सवाची सांगता होते. भगवी वस्त्रे परिधान केलेले हजारो भाविक या काळात येथे येतात आणि त्यांत अन्य धर्मीयांचीही मोठी संख्या असते. बहुतेकांच्या मनात आरोग्य, संतती, नोकरी किंवा घरातील एखादी चिंता असते. कॅथलिक भाविकाला मात्र या दिवशी आणखी एका गोष्टीची संधी असते. ठरावीक अटी पाळून त्याला ‘संपूर्ण दंडमुक्ती’ मिळवता येते आणि ती स्वतःसाठी न ठेवता आपल्या दिवंगत आप्तासाठी अर्पणही करता येते.

इंग्रजीत ‘इंडल्जन्स’ या नावाने ओळखली जाणारी ही संकल्पना ख्रिस्ती धर्माच्या इतिहासातील सर्वांत वादग्रस्त संकल्पनांपैकी एक आहे. सोळाव्या शतकात तिच्या दुरुपयोगामुळे पश्चिम युरोपातील चर्चमध्ये फूट पडली. तरीही कॅथलिक चर्चने ती सोडून दिली नाही. पैशाचा संबंध तोडून आणि नियमांची फेरमांडणी करून तिचे जतन केले.

शब्दाचा अर्थ

‘इंडुल्गेन्शिया’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ सौम्यता, दयाळूपणा किंवा सूट असा आहे. मराठीतील इतिहासाच्या पुस्तकांत युरोपातील धर्मसुधारणेच्या प्रकरणात ‘पापविमोचनपत्रे’ किंवा ‘क्षमापत्रे’ असे शब्द आढळतात. हे शब्द रूढ असले तरी त्यांमुळे एक गैरसमज होतो. दंडमुक्तीने पापाची क्षमा होते असे कॅथलिक चर्च मानत नाही. पापाची क्षमा प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे धर्मगुरूपुढे केलेल्या पापनिवेदनात मिळते. कोकणी भाषक कॅथलिकांमध्ये यालाच ‘कुमसार’ म्हणतात. दंडमुक्तीचा विषय त्यानंतर सुरू होतो.

चर्चच्या व्याख्येनुसार, ज्या पापांच्या दोषाची क्षमा आधीच झालेली आहे, त्या पापांमुळे शिल्लक राहिलेल्या ऐहिक दंडाची ईश्वरासमोर होणारी माफी म्हणजे दंडमुक्ती. ही व्याख्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ९९२ व्या कलमात दिलेली आहे. ‘ऐहिक दंड’ म्हणजे कायमस्वरूपी नसलेला, काळाच्या मर्यादेत संपणारा दंड. संपूर्ण दंड माफ झाल्यास ती ‘संपूर्ण’ आणि काही भाग माफ झाल्यास ती ‘अंशतः’ दंडमुक्ती होय.

दोष आणि दंड

क्षमा झाल्यानंतरही दंड कसा शिल्लक राहतो, हा प्रश्न स्वाभाविक आहे. एखाद्या शेतकऱ्याने रागाच्या भरात शेजाऱ्याच्या शेताचा बांध फोडला, अशी कल्पना करता येईल. नंतर त्याला पश्चात्ताप झाला, त्याने हात जोडले आणि शेजाऱ्याने मनापासून क्षमा केली. वैर संपले, बोलचाल पूर्ववत झाली. परंतु बांध फुटलेलाच आहे आणि पहिल्याच पावसात माती वाहून गेली आहे. तो बांध पुन्हा घालावा लागतो. शिवाय राग आला की कुदळ उचलण्याची जी सवय त्याला लागली, तीही एका क्षमेने जात नाही.

कॅथलिक शिकवणीप्रमाणे पापाचे असेच दुहेरी परिणाम असतात. महापापामुळे माणसाचे ईश्वराशी असलेले नाते तुटते आणि क्षमेने ते पुन्हा जुळते. मात्र प्रत्येक पापामुळे, मग ते लघुपाप का असेना, मनात एक अनिष्ट ओढ निर्माण होते आणि जगात काही हानी झालेली असते. या ओढीपासून शुद्ध होण्याची प्रक्रिया म्हणजेच ऐहिक दंड. ती प्रार्थना, उपवास, दानधर्म आणि संकटे धीराने सोसणे यांतून याच जन्मी पूर्ण होऊ शकते. अपुरी राहिल्यास मृत्यूनंतर ‘शुद्धिस्थाना’त पूर्ण होते. शुद्धिस्थान ही नरकाची सौम्य आवृत्ती नव्हे. तेथील प्रत्येक आत्म्याचे तारण निश्चित झालेले असते, केवळ शुद्धीकरण बाकी असते, अशी श्रद्धा आहे.

पुण्याचा ठेवा

बांध घालण्याचे काम एकट्याने करायचे की गावाने मदत करायची, हा पुढचा प्रश्न. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात शेतकरी एकमेकांच्या कामाला जातात, त्या प्रथेला ‘सावड’ म्हणतात. दंडमुक्तीमागील कल्पना काहीशी अशीच आहे. पृथ्वीवरील भाविक, शुद्धिस्थानातील आत्मे आणि स्वर्गातील संत हे सर्व एकाच कुटुंबाचे घटक असून एकाच्या पुण्याचा लाभ दुसऱ्याला होऊ शकतो, असे कॅथलिक चर्च मानते. या नात्याला ‘संतांचा समागम’ म्हटले जाते.

येशू ख्रिस्ताचे आत्मार्पण, तसेच पवित्र मरिया आणि संतांची सत्कृत्ये यांना मिळून ‘चर्चचा ठेवा’ असे नाव आहे. पोप सहावे क्लेमेंट यांनी १३४३ मध्ये या कल्पनेची अधिकृत मांडणी केली. दंडमुक्ती देताना चर्च आपल्या अधिकाराने हा ठेवा भाविकासाठी खुला करते. सावडीचे उदाहरण येथे थोडे अपुरे पडते. सावडीत आज घेतलेली मदत उद्या फेडायची असते, ठेव्याच्या बाबतीत तशी परतफेड नसते. मात्र मालकाने बांधावर हजर राहिले पाहिजे आणि स्वतः हात लावला पाहिजे, ही अट दोन्हीकडे सारखीच आहे.

उगम आणि विस्तार

ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या शतकांत गंभीर पाप करणाऱ्याला दीर्घकाळ सार्वजनिक प्रायश्चित्त करावे लागे. इ.स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसच्या छळाला घाबरून अनेकांनी श्रद्धा सोडली. नंतर परत येऊ इच्छिणाऱ्यांसाठी तुरुंगातील श्रद्धावीर शिफारसपत्रे देत आणि त्यांच्या यातनांचा मान राखून प्रायश्चित्ताचा काळ कमी केला जाई. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांच्या लेखनात या पद्धतीचा आणि तिच्या गैरवापराचा उल्लेख आहे. एकाच्या सोसण्याचा लाभ दुसऱ्याला मिळतो, हे दंडमुक्तीचे बीज येथे दिसते.

इ.स. १०९५ मध्ये क्लेरमाँ येथील धर्मसभेत पोप दुसरे अर्बन यांनी जेरुसलेमच्या मोहिमेसाठी निघणाऱ्यांना सर्व प्रायश्चित्ताऐवजी हा प्रवासच पुरेसा ठरेल, असे जाहीर केले. मात्र तो मानासाठी किंवा धनासाठी नव्हे, तर भक्तीने केलेला असावा, अशी अट त्या ठरावातच होती. इ.स. १३०० मध्ये पोप आठवे बोनिफेस यांनी पहिले जयंतीवर्ष घोषित केले. रोमच्या रहिवाशांनी ३० दिवस आणि बाहेरून येणाऱ्यांनी १५ दिवस संत पीटर व संत पॉल यांच्या बॅसिलिकांना भेट द्यावी, असा नियम होता. जयंतीवर्षांमधील अंतर पुढे कमी होत गेले आणि १४७० च्या निर्णयाने ते २५ वर्षे झाले.

दंडमुक्ती मृतांसाठीही अर्पण करता येते, हे पोप चौथे सिक्स्टस यांनी १४७६ मध्ये स्पष्ट केले. मृतांवर पोपचा न्यायाधीशासारखा अधिकार चालत नाही, ही दंडमुक्ती केवळ विनंतीच्या रूपाने ईश्वरापुढे ठेवली जाते, असे त्यात म्हटले होते. ही मर्यादा महत्त्वाची होती. परंतु पुढील चाळीस वर्षांत सर्वसामान्य लोकांपर्यंत ती पोहोचली नाही.

विक्री आणि फूट

दंडमुक्तीसाठी सांगितलेल्या सत्कृत्यांत दानाचाही समावेश होता. मध्ययुगीन युरोपात या दानातून पूल, रुग्णालये आणि चर्च उभी राहिली. हळूहळू दान हे सत्कृत्य न राहता किंमत बनले. मुद्रणकला आल्यावर पत्रांच्या प्रती झपाट्याने निघू लागल्या. युरोपात सुट्या खिळ्यांनी छापलेल्या आणि तारीख असलेल्या सर्वांत जुन्या मजकुरांत १४५४ सालची दंडमुक्तिपत्रे आहेत.

ब्रँडेनबर्गच्या आल्ब्रेख्टने १५१४ मध्ये माइन्झचे आर्चबिशपपद मिळवताना आउग्सबुर्ग येथील फुगर या सावकारी घराण्याचे मोठे कर्ज घेतले. पोप दहावे लिओ यांनी रोममधील सेंट पीटर्स बॅसिलिकेच्या बांधकामासाठी जाहीर केलेल्या दंडमुक्तीचा प्रचार त्याच्या प्रदेशात करण्यात आला. जमा होणाऱ्या रकमेचा अर्धा वाटा रोमला आणि अर्धा कर्जफेडीसाठी, अशी व्यवस्था होती. योहान टेट्झेल हा डॉमिनिकन प्रचारक मृत आप्तांच्या यातनांचे वर्णन करून लोकांना दानासाठी प्रवृत्त करीत असे.

मार्टिन ल्यूथर यांनी ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ९५ विधाने मांडली ती या पार्श्वभूमीवर. पोपला शुद्धिस्थानातील आत्म्यांना मुक्त करता येत असेल, तर ते प्रेमापोटी न करता पैशासाठी का करावे, असा प्रश्न सामान्य लोक विचारत असल्याचे त्यांनी नमूद केले. सुरुवातीला त्यांचा विरोध गैरप्रकाराला होता. वाद वाढत गेल्यावर ठेव्याची कल्पना, पोपचा अधिकार आणि शुद्धिस्थान या सर्वांवरच त्यांनी प्रश्नचिन्ह उभे केले आणि प्रोटेस्टंट पंथांचा उदय झाला.

ट्रेंट येथील धर्मसभेने ४ डिसेंबर १५६३ रोजी, म्हणजे समारोपाच्या दिवशी, दंडमुक्तीविषयी निर्णय दिला. दंडमुक्ती देण्याचा चर्चचा अधिकार कायम ठेवून तिच्यासाठी होणारी सर्व गैर कमाई बंद करण्याचा आदेश त्यात होता. पोप पाचवे पायस यांनी १५६७ मध्ये शुल्काशी निगडित सर्व दंडमुक्त्या रद्द केल्या. उत्सवात भाविक मेणबत्त्या अर्पण करतात, दानपेटीत पैसे टाकतात किंवा मिस्सासाठी देणगी देतात, त्यांचा दंडमुक्तीशी संबंध नाही. आज दंडमुक्तीसाठी पैसे मागणे किंवा देणे, दोन्ही चर्चच्या नियमांविरुद्ध आहे.

१९६७ ची फेरमांडणी

जुन्या प्रार्थनापुस्तकांत एखाद्या प्रार्थनेखाली ‘३०० दिवस’ किंवा ‘सात वर्षे’ असे आकडे छापलेले आढळतात. शुद्धिस्थानातील वास तेवढ्या दिवसांनी कमी होतो, असा अनेकांचा समज होता. वास्तविक, प्राचीन काळी तेवढे दिवस सार्वजनिक प्रायश्चित्त केल्याने जेवढी दंडमाफी झाली असती तेवढी, असा त्या आकड्यांचा अर्थ होता.

पोप सहावे पॉल यांनी १ जानेवारी १९६७ रोजी काढलेल्या आदेशाने दिवस आणि वर्षे मोजण्याची पद्धत बंद केली. अंशतः दंडमुक्तीच्या बाबतीत, भाविकाच्या कृतीतून स्वाभाविकपणे जितकी दंडमाफी होते तितकीच चर्चकडून आणखी दिली जाते, असा नवा नियम झाला. कृती जितकी मनापासून, तितका लाभ अधिक. १९६८ मध्ये दंडमुक्तींची अधिकृत सूची प्रसिद्ध झाली आणि तिची चौथी सुधारित आवृत्ती १९९९ मध्ये आली. या विषयाचे काम रोममधील ‘अपोस्टोलिक पेनिटेन्शियरी’ हे न्यायपीठ पाहते.

संपूर्ण दंडमुक्तीच्या अटी

दंडमुक्ती मिळवणारी व्यक्ती बाप्तिस्मा झालेली, बहिष्कृत नसलेली आणि निदान विहित कृती पूर्ण होताना कृपावस्थेत, म्हणजे महापापापासून मुक्त असावी लागते. दंडमुक्ती मिळवण्याचा तिचा हेतू असावा लागतो. विहित कृतीबरोबर पुढील अटी पूर्ण कराव्या लागतात.

१. प्रायश्चित्त संस्कार : विहित कृतीच्या सुमारे २० दिवस आधी किंवा नंतर पापनिवेदन केलेले चालते. एका पापनिवेदनावर अनेक दिवसांच्या दंडमुक्त्या मिळू शकतात.

२. पवित्र कम्युनियन : प्रत्येक संपूर्ण दंडमुक्तीसाठी स्वतंत्रपणे स्वीकारावे लागते. ते त्याच दिवशी घेणे इष्ट मानले जाते.

३. पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना : एकदा प्रभूची प्रार्थना आणि एकदा ‘नमो मरिया’ म्हटल्यास पुरते. भाविक अन्य प्रार्थनाही निवडू शकतो.

४. पापाच्या आसक्तीपासून अलिप्तता : लघुपापाचीही ओढ मनात नसावी.

पहिल्या तीन अटी बाह्य आहेत आणि त्या पूर्ण झाल्या की नाही हे सांगता येते. चौथी अट अंतःकरणाची असून सर्वांत कठीण मानली जाते. यापुढे हातून एकही चूक होणार नाही, असा तिचा अर्थ नाही. एखादे पाप आपल्याला हवेच आहे आणि ते सोडायचे नाही, अशी गाठ मनात जपलेली नसावी, एवढा तिचा आशय आहे. भावाशी धरलेला अबोला मनात तसाच ठेवून रथापुढे मेणबत्ती लावणाऱ्या भाविकाची भेट आणि प्रार्थना व्यर्थ जात नाही. परंतु त्याला मिळणारी दंडमुक्ती अंशतः असते. कोणतीही अट अपुरी राहिल्यास हाच नियम लागू होतो.

सर्वसाधारणपणे दिवसातून एकच संपूर्ण दंडमुक्ती मिळू शकते. अंशतः दंडमुक्ती दिवसात कितीही वेळा मिळू शकते. दोन्ही स्वतःसाठी किंवा मृतांसाठी अर्पण करता येतात, दुसऱ्या जिवंत व्यक्तीसाठी मात्र नाही. जिवंत माणसाने आपला पश्चात्ताप स्वतःच केला पाहिजे, अशी त्यामागील भूमिका आहे.

बेंगळुरूतील स्थळे आणि दिवस

शिवाजीनगरचा हा भाग पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणून ओळखला जाई. तमिळ प्रदेशातील जिंजी भागातून आलेल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांची येथे वस्ती होती. फ्रेंच मिशनरी आबे द्युबुआ यांच्या काळात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे छोटे प्रार्थनास्थळ होते. सध्याची गॉथिक शैलीतील वास्तू १८७५ ते १८८२ या काळात उभी राहिली आणि ८ सप्टेंबर १८८२ रोजी तिचा अभिषेक झाला. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात पोप सहावे पॉल यांनी तिला ‘लघु बॅसिलिका’ हा दर्जा दिला. हा मान मिळवणारे ते कर्नाटकातील पहिले चर्च होय.

हा दर्जा केवळ सन्मानाचा नसतो, त्यासोबत दंडमुक्तीचे विशेष दिवसही मिळतात. लघु बॅसिलिकेला भक्तिभावाने भेट देऊन तेथे प्रभूची प्रार्थना आणि श्रद्धाघोष म्हटल्यास पुढील दिवशी संपूर्ण दंडमुक्ती मिळू शकते : बॅसिलिकेच्या अभिषेकाचा वर्धापनदिन, ज्या नावाने ती समर्पित आहे त्याचा सण, संत पीटर आणि संत पॉल यांचा सण, २९ जून, बॅसिलिकेचा दर्जा मिळाल्याचा वर्धापनदिन, वर्षातून एकदा स्थानिक बिशपांनी ठरवलेला दिवस, आणि वर्षातून एकदा भाविकाने स्वतः निवडलेला कोणताही दिवस. शेवटच्या तरतुदीमुळे उत्सवाच्या गर्दीत येऊ न शकणाऱ्या वृद्ध किंवा आजारी व्यक्तीलाही आपल्या सोयीने येता येते.

हेच नियम मुंबईतील वांद्रे येथील माउंट मेरी बॅसिलिका आणि जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिका यांनाही लागू आहेत.

बेंगळुरूचा धर्मप्रांत १३ फेब्रुवारी १९४० रोजी स्थापन झाला आणि १९५३ मध्ये तो महाधर्मप्रांत बनला. त्याचे मुख्य चर्च क्लीव्हलँड टाउन येथील सेंट फ्रान्सिस झेवियर कॅथेड्रल हे आहे. शहरातील प्रत्येक धर्मग्रामाच्या चर्चमध्ये त्या चर्चच्या आश्रयदात्या संताच्या सणाला आणि २ ऑगस्टला संपूर्ण दंडमुक्तीची सोय असते. २ ऑगस्टची परंपरा इटलीतील असिसीजवळच्या पोर्शियुंकुला या छोट्या चर्चमधून आलेली असून संत फ्रान्सिस यांच्याशी तिचा संबंध जोडला जातो.

रोजच्या जीवनात

दंडमुक्तीसाठी सणाची किंवा प्रसिद्ध स्थळाची वाट पाहण्याची गरज नाही. चार कृतींनी कोणत्याही दिवशी संपूर्ण दंडमुक्ती मिळू शकते : परमपवित्र संस्कारापुढे किमान अर्धा तास आराधना, किमान अर्धा तास पवित्र शास्त्राचे भक्तिपूर्वक वाचन, क्रुसाच्या वाटेची भक्ती, आणि चर्चमध्ये अथवा कुटुंबात किंवा समूहात एकत्र म्हटलेली जपमाळ. अनेक कॅथलिक घरांत संध्याकाळी सर्वांनी मिळून जपमाळ म्हणण्याची प्रथा आहे. अन्य अटी पूर्ण झाल्यास तेवढी प्रथाही पुरेशी ठरते.

अंशतः दंडमुक्तीचे क्षेत्र आणखी व्यापक आहे. कर्तव्य बजावताना आणि आयुष्यातील कष्ट सोसताना मन ईश्वराकडे वळवणे, श्रद्धेने प्रेरित होऊन गरजूंसाठी आपला वेळ किंवा द्रव्य देणे, एखादी आवडती वस्तू स्वेच्छेने वर्ज्य करणे आणि लोकांसमोर आपल्या श्रद्धेची साक्ष देणे, या चार प्रकारच्या कृतींसाठी ती दिली जाते. यात चौथा प्रकार १९९९ च्या सूचीत नव्याने समाविष्ट झाला.

मृतांसाठी अर्पण

दंडमुक्तीची परंपरा आजही जिवंत राहण्याचे मोठे कारण मृतांविषयीची ओढ हे आहे. दरवर्षी १ ते ८ नोव्हेंबर या काळात दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी, निदान मनातल्या मनात, प्रार्थना करणाऱ्याला दररोज एक संपूर्ण दंडमुक्ती मिळू शकते. ती फक्त मृतांसाठीच असते. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, चर्चला भेट देऊन प्रभूची प्रार्थना व श्रद्धाघोष म्हटल्यासही ती मिळते. या दिवसांत बेंगळुरूच्या होसूर रस्त्यावरील ख्रिस्ती दफनभूमीप्रमाणेच वसईच्या गावांतील आणि मुंबईतील दफनभूमींमध्येही कबरी स्वच्छ करून फुले वाहिली जातात आणि मेणबत्त्या लावल्या जातात.

आपली प्रार्थना नेमकी कोणाला आणि किती पोहोचली, याची खात्री चर्च देत नाही. पावती देता येणार नाही, हाच तर सोळाव्या शतकातील वादातून मिळालेला धडा आहे. परंतु ज्याची क्षमा मागायची राहून गेली किंवा ज्याची शेवटची भेट झाली नाही, त्याच्यासाठी अजूनही काही करता येते, हा आधार भाविकाला मिळतो.

महासाथीच्या काळात

या आधाराची कसोटी करोना महासाथीत लागली. रुग्णालयाच्या विलगीकरण कक्षात धर्मगुरूला प्रवेश नव्हता आणि अंत्यविधीला मोजक्या नातेवाइकांनाच परवानगी होती. २० मार्च २०२० रोजी अपोस्टोलिक पेनिटेन्शियरीने विशेष आदेश काढला. करोनाबाधित, विलगीकरणात असलेले, त्यांची सेवा करणारे आरोग्य कर्मचारी व कुटुंबीय, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करणारे यांना संपूर्ण दंडमुक्ती देण्यात आली. पापनिवेदन व कम्युनियन शक्य होताच स्वीकारण्याचा निश्चय पुरेसा मानण्यात आला. मृत्यूच्या दारात असलेल्या व्यक्तीला धर्मगुरू उपलब्ध नसल्यास, तिने हयातीत काही प्रार्थना नित्य केलेल्या असतील, तर चर्च स्वतःच तिला संपूर्ण दंडमुक्ती देते, या जुन्या तरतुदीचीही त्यात आठवण करून देण्यात आली.

२७ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस यांनी रिकाम्या सेंट पीटर्स चौकातून दिलेला आशीर्वाद दूरचित्रवाणी, रेडिओ आणि इंटरनेटवरून घेणाऱ्यांनाही दंडमुक्तीचा लाभ होता. गर्दी टाळण्यासाठी २०२० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये दफनभूमीच्या भेटीची आठ दिवसांची सवलत संपूर्ण नोव्हेंबर महिन्यासाठी वाढवण्यात आली.

२०२५ चे जयंतीवर्ष

पोप फ्रान्सिस यांनी ९ मे २०२४ रोजीच्या आज्ञापत्राने जाहीर केलेले जयंतीवर्ष २४ डिसेंबर २०२४ रोजी रोममध्ये सुरू झाले. जगभरातील धर्मप्रांतांत ते २९ डिसेंबर २०२४ ते २८ डिसेंबर २०२५ या काळासाठी होते, तर रोममधील समारोपासाठी ६ जानेवारी २०२६ हा दिवस ठरवण्यात आला होता. दरम्यान २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले आणि ८ मे रोजी पोप चौदावे लिओ यांची निवड झाली.

या वर्षासाठी तीर्थयात्रेखेरीज आजारी, एकाकी वृद्ध, कैदी आणि अपंग यांची भेट घेणे हीदेखील दंडमुक्तीची कृती ठरवण्यात आली होती. आठवड्यातून निदान एक दिवस समाजमाध्यमांसारख्या निरर्थक विरंगुळ्यांपासून प्रायश्चित्ताच्या भावनेने दूर राहणे, याचाही त्यात समावेश होता. संगणक उद्योगासाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या बेंगळुरूसारख्या शहरात या उपवासाला वेगळा अर्थ होता.

मतभेद कायम

सर्व ख्रिस्ती पंथ दंडमुक्ती मानत नाहीत. बेंगळुरूच्या महात्मा गांधी रस्त्याजवळील सेंट मार्क्स कॅथेड्रल हे चर्च ऑफ साउथ इंडियाचे आहे. या चर्चच्या प्रोटेस्टंट परंपरेत शुद्धिस्थान आणि दंडमुक्ती या दोन्हींना स्थान नाही. माणसाचे तारण केवळ ईश्वरी कृपेने आणि श्रद्धेने होते, त्यात चर्चने वाटायचा ठेवा असू शकत नाही, अशी या परंपरेची भूमिका आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघाने तारणाच्या प्रश्नावर संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या आणि कृपेचे प्राधान्य दोघांनीही मान्य केले. दंडमुक्तीचा मुद्दा मात्र अनिर्णित राहिला.

कॅथलिकांमध्येही तिच्याकडे पाहण्याची दृष्टी एकसारखी नाही. काही जण अटींची काटेकोर नोंद ठेवतात, तर काहींना सोळाव्या शतकाच्या आठवणीमुळे हा शब्दच नकोसा वाटतो. चर्चचे नियम या दोन्ही टोकांपासून दूर आहेत. हिशेब ठेवणाऱ्याला ते चौथ्या अटीची आठवण करून देतात. ज्याला या शब्दात केवळ बाजार दिसतो, त्याला ते १५६७ च्या निर्णयाकडे बोट दाखवतात.

बेंगळुरूतील भाविकासाठी वर्षातील ठळक दिवस पुढीलप्रमाणे आहेत : २९ जून आणि ८ सप्टेंबर हे बॅसिलिकेचे, २ ऑगस्ट सर्व धर्मग्रामांच्या चर्चचा आणि १ ते ८ नोव्हेंबर दफनभूमीच्या भेटीचे. यांपैकी कोणत्याही दिवसासाठी आगाऊ नोंदणी किंवा शुल्क नाही. तयारी असेल ती पापनिवेदनाची आणि मनात धरून ठेवलेले काही सोडून देण्याची.